पूर्ण मापाचा व्यापार

रमजान ईदचा तिसरा दिवस होता. आमच्याकडे एक पाहुणे आले. जुन्या बाजारपेठेच्या मागे त्यांचे भंगाराचे दुकान आहे. त्यांची मुलगी दहावीपर्यंत आमच्या वर्गात होती. यंदा ती बी.कॉम. झाली. तीही सोबत होती. शीरखुर्मा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग त्यांनी मनातले बोलून दाखवले.

"सर, पोरगी म्हणते एमबीए करायचंय. करू दे, माझी ना नाही. पण साधं एमबीए नाही. सस्टेनेबिलिटी की काय म्हणतात, त्याचं. मी विचारलं, त्यात काय शिकवतात? तर म्हणते, कचरा कसा कमी करायचा, पाणी कसं वाचवायचं आणि तरीही धंदा कसा चालवायचा. आता तुम्हीच सांगा, लाखो रुपये भरून कचऱ्याचं शिक्षण? कचरा तर आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे!"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. आम्हाला तिची शाळेतली एक सवय आठवली. दरवर्षी माहितीचा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ती फक्त 'व्यापार' लिहायची. कसला व्यापार, असे विचारले की मान खाली घालायची.

जाताना ते दारात थांबले. म्हणाले, "सर, तिथं मुलं दिवसभर करतात तरी काय, एवढं मला शोधून सांगा. मग मी ठरवतो."

आम्ही कबूल केले. त्यानंतर वाचले, विचारले, जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे व्यवस्थापन शिकले त्यांच्याशी बोललो. जे हाती आले ते त्यांना सांगितलेच. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आज आपल्या अनेक घरांत पदवी झालेली मुले-मुली आहेत, पुढे काय हा विषय रोज जेवताना निघतो. म्हणून ते उत्तर या मासिकाच्या वाचकांसमोरही ठेवत आहोत.

नाव नवे, हिशेब जुना

'सस्टेनेबिलिटी' या शब्दाला मराठीत 'शाश्वतता' म्हणतात. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने त्याचा अर्थ जगासमोर मांडला. नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या आयोगाच्या अध्यक्ष होत्या. अर्थ थोडक्यात असा, की आजच्या पिढीने आपली गरज जरूर भागवावी, पण उद्याच्या पिढीच्या तोंडचा घास काढून नव्हे.

याचा व्यापाराशी काय संबंध? एक उदाहरण घेऊ. कापड रंगवणारा एक कारखाना आहे. सूत, रंग, वीज, मजुरी, भाडे, सगळे त्याच्या वहीत येते. पण रंगाचे पाणी तो मागच्या नाल्यात सोडतो, ते वहीत येत नाही. त्या पाण्याने खालच्या वस्तीतली विहीर बिघडते. लोक पाण्याचे टँकर मागवतात, डॉक्टरकडे जातात. म्हणजे खर्च झालाच, फक्त तो कारखान्याने नाही, दुसऱ्याने भरला. कारखान्याच्या वहीत नफा दिसतो, पण त्यातला काही भाग विहिरीवाल्याच्या खिशातून आलेला असतो.

हा लपलेला खर्च वहीत आणायचा कसा, आणि तो आणूनही धंदा तोट्यात जाऊ द्यायचा नाही कसा, हे या अभ्यासक्रमाचे मूळ आहे. १९९४ साली इंग्लंडच्या जॉन एल्किंग्टन यांनी कंपनीचा हिशेब तीन ठिकाणी मांडावा अशी कल्पना दिली. नफा किती झाला, माणसांचे काय झाले आणि पृथ्वीचे काय झाले. तेव्हापासून हा विचार व्यवस्थापनाच्या वर्गांत रुळला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या शिक्षणाची मागणी आधी विद्यार्थ्यांकडून आली. १९९३ साली अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स फॉर रिस्पॉन्सिबल बिझनेस' नावाची संघटना काढली. आज ती 'नेट इम्पॅक्ट' नावाने ओळखली जाते. केवळ नफा शिकवू नका, जबाबदारीही शिकवा, असे या मुलांचे म्हणणे होते. नंतर संस्था पुढे आल्या. व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येकडचे एक छोटे राज्य. तिथल्या विद्यापीठाने २०१४ साली आपला जुना नेहमीचा एमबीए बंद करून त्याच्या जागी याच विषयाचा एक वर्षाचा एमबीए सुरू केला. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजनेही २०१२ साली असा एमबीए सुरू केला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तिथे मुले करतात काय?

पहिला धडा : कचरा उघडून पाहणे

अशा अनेक महाविद्यालयांत मुलांचा एक आवडता आणि नाकाला न आवडणारा उपक्रम असतो. त्याला 'वेस्ट ऑडिट' म्हणतात, म्हणजे कचऱ्याची तपासणी. एक इमारत निवडायची. तिथला एका दिवसाचा सगळा कचरा जमा करायचा. मोकळ्या जागेत ताडपत्री अंथरायची, हातमोजे आणि मास्क घालायचे आणि पिशव्या उघडायच्या. उष्टे अन्न एका ढिगात, कागद दुसऱ्या, बाटल्या तिसऱ्या, पत्र्याचे डबे चौथ्या. प्रत्येक ढीग काट्यावर चढवायचा, वजन लिहायचे.

मग खरे काम सुरू होते. यातले किती विकले गेले असते? किती खत झाले असते? जे अन्न फेकले ते विकत घ्यायला किती पैसे लागले होते? एका दिवसाचा आकडा वर्षाचा करायचा आणि अहवाल घेऊन प्राचार्यांकडे किंवा खानावळीच्या व्यवस्थापकाकडे जायचे. 'अन्न वाया घालवू नका' अशी पाटी लावून फारसे काही बदलत नाही. पण 'तुमचे वर्षाला इतके रुपये कचरापेटीत जातात' असे सांगितले, की व्यवस्थापक खुर्चीत सरळ बसतो.

हे आम्ही आमच्या पाहुण्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमचंच काम! फक्त आम्ही त्याला ऑडिट म्हणत नाही."

त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याकडे आपण पुढे येऊ.

बाटलीची गोष्ट

चांगला हेतू असला म्हणजे परिणामही चांगलाच होतो, असे आपण धरून चालतो. व्हरमाँट विद्यापीठातच घडलेली एक गोष्ट हा समज दुरुस्त करते.

तिथल्या विद्यार्थ्यांनी प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी विद्यापीठात विकू नये म्हणून मोहीम चालवली. नळाचे पाणी चांगले आहे, मग बाटली कशाला, हे त्यांचे म्हणणे. विद्यापीठाने ऐकले. जानेवारी २०१३ पासून बाटलीबंद पाण्याची विक्री थांबली, आपली बाटली भरून घेण्यासाठी ठिकठिकाणी नळ बसवले गेले. सगळीकडे कौतुक झाले.

पुढे त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी बंदीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे तपासले. २०१५ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. विद्यापीठात येणाऱ्या बाटल्यांची माणशी संख्या कमी झालीच नव्हती, उलट वाढली होती. पाण्याची बाटली मिळेना म्हणून लोकांनी गोड पेयांच्या बाटल्या घेतल्या. प्लास्टिक कमी झाले नाही आणि साखर मात्र पोटात गेली.

मुलांची मोहीम चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. हेतू चांगला होता, मेहनतही खरी होती. पण एक दार बंद केल्यावर माणूस कुठल्या दाराने जाईल, हे आधी पाहायला हवे होते. विशेष म्हणजे विद्यापीठाच्या आपल्याच माणसांनी ही चूक झाकली नाही, मोजून जगासमोर मांडली. जे केले त्याचा नंतर हिशेब घेणे, आणि तो आपल्या विरुद्ध गेला तरी मान्य करणे, हे या शिक्षणातले मोठे शिक्षण आहे. आपल्या संस्थांमध्ये, जमातींमध्ये, शाळांमध्ये कितीतरी उपक्रम फीत कापून सुरू होतात. वर्षानंतर त्याचा हिशेब कोण घेतो?

कंपनीच्या दारात

वर्गातला अभ्यास झाला की मुलांना प्रत्यक्ष कामावर पाठवतात. व्हरमाँटच्या अभ्यासक्रमात शेवटचे साधारण तीन महिने विद्यार्थ्यांचे छोटे गट एखाद्या कंपनीचा खरा प्रश्न हातात घेतात. बार्डमध्ये पहिल्या वर्षीच मुले गटाने न्यूयॉर्कमधल्या कंपन्यांसाठी आणि संस्थांसाठी सल्लागार म्हणून काम करतात. अमेरिकेतल्या 'एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड' या संस्थेने २००८ साली असाच एक उपक्रम सुरू केला. त्यात व्यवस्थापनाचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत कंपन्यांमध्ये बसून वीज आणि पैसा कुठे गळतो ते शोधतात.

काम कसले असते? रात्री रिकाम्या मजल्यावर दिवे का जळतात? एसीचा आकडा कोण ठरवतो? माल पोहोचवणारी गाडी परत येताना रिकामी का येते? खोके मालापेक्षा दुप्पट मोठे का आहे? प्रश्न साधे वाटतात. पण उत्तर मिळवण्यासाठी मुलाला वीजबिले तपासावी लागतात, गोदामात उभे राहावे लागते, पहारेकऱ्याशी आणि सफाई करणाऱ्या बाईशी बोलावे लागते. कारण दिवा कोण बंद करत नाही हे साहेबाला ठाऊक नसते, पहारेकऱ्याला असते.

आम्हाला शिक्षक म्हणून हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. शिकलेल्या मुलाने कमी शिकलेल्या माणसाकडे माहितीसाठी जायचे, आदराने विचारायचे आणि त्याचे म्हणणे अहवालात नीट मांडायचे. आपल्याकडे पदवी मिळाली की मुलगा बापाच्या दुकानात बसायला लाजतो. इथे पदवी मिळवण्यासाठीच दुकानात उभे राहावे लागते.

स्पर्धेतून उभे राहिलेले काम

व्यवस्थापनाच्या मुलांमध्ये स्पर्धा फार. त्यातली एक जगभर गाजलेली स्पर्धा म्हणजे 'हल्ट प्राइझ'. पॅलेस्टिनी वंशाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याच्या कल्पनेतून ती सुरू झाली. समाजाचा एखादा मोठा प्रश्न दरवर्षी दिला जातो. दान न मागता, स्वतःच्या पायावर चालेल अशा व्यवसायातून तो कसा सुटेल, हे विद्यार्थ्यांनी मांडायचे. विजेत्यांना धंदा उभा करायला १० लाख डॉलर मिळत.

२०१४ साली विषय होता झोपडपट्टीतले मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार. ती स्पर्धा आपल्या हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या पाच विद्यार्थ्यांनी जिंकली. त्यांच्या उपक्रमाचे नाव 'नॅनोहेल्थ'. वस्तीतल्याच लोकांना प्रशिक्षण द्यायचे, तपासणीची साधने असलेली एक पिशवी हातात द्यायची आणि त्यांनी घरोघरी जाऊन रक्तदाब, साखर तपासायची, अशी ती योजना होती.

२०१७ साली विषय होता निर्वासित. त्या वर्षी अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे चार तरुण जिंकले. दोन मुली, दोन मुलगे, चौघेही पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांतले. कराचीतल्या ओरंगी टाऊन या प्रचंड वस्तीत त्यांनी पाहिले, की माणसांकडे हुनर आहे, पण कामाच्या जागेपर्यंत, दवाखान्यापर्यंत, शाळेपर्यंत परवडेल अशा दरात जायला साधन नाही. बायकांची तर अधिकच अडचण. म्हणून त्यांनी ठरलेले थांबे, ठरलेले भाडे आणि आधी पैसे भरायचे कार्ड अशी सामायिक रिक्षांची व्यवस्था मांडली. नाव ठेवले 'रोशनी राइड्स'.

आम्हाला यात आवडले ते त्यांचे निदान. गरिबाला मासा द्यावा की गळ, ही चर्चा आपण वर्षानुवर्षे करतो. या मुलांनी विचारले, तळ्यापर्यंत जायचे भाडे किती?

हिरव्या रंगापासून सावध

चित्र सगळे गोड आहे असे नाही. आज जो तो आपल्या मालावर हिरवे पान छापतो. २०१५ साली फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची लबाडी उघड झाली. 'स्वच्छ डिझेल' म्हणून विकलेल्या गाड्यांत असे सॉफ्टवेअर होते, की तपासणी चालू असताना धूर कमी आणि रस्त्यावर मात्र कितीतरी जास्त. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते बसवलेले होते. त्याच वर्षी, लबाडी उघड होण्याच्या काही दिवस आधी, या कंपनीला शाश्वततेच्या एका नामांकित यादीत वाहन उद्योगात पहिले स्थान मिळाले होते!

म्हणून प्रवेश घेण्याआधी पालकांनी डोळे उघडे ठेवावेत. काही संस्था जुनाच अभ्यासक्रम नव्या नावाने विकतात. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का? प्रत्यक्ष कामाचे महिने किती? मागच्या दोन-तीन वर्षांची मुले आज कुठे आहेत? त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर फी भरू नये.

आपल्या देशात काय?

आपल्याकडे १९८२ साली स्थापन झालेली भोपाळची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेस्ट मॅनेजमेंट जंगल, माणूस आणि व्यवस्थापन हे एकत्र शिकवते. दिल्लीत टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजमध्ये या विषयाचा एमबीए आहे. आयआयएम लखनौने २०१५ साली शाश्वत व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. बहुतेक ठिकाणी प्रवेश कॅटसारख्या परीक्षेतून होतो.

नोकऱ्या का निघत आहेत, त्याचेही कारण आहे. शेअर बाजारात नोंद असलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने एक अहवाल सक्तीचा केला आहे. पाणी किती वापरले, कचरा किती झाला, कामगारांची स्थिती काय, हे सगळे त्यात सांगावे लागते. तो अहवाल लिहायला, आकडे जमवायला आणि ते खरे आहेत का ते पाहायला माणसे लागतात.

दुसरा बदल तर थेट आपल्या मोहल्ल्यापर्यंत येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक वेष्टनाबद्दल नवे नियम काढले. बिस्किटाचा पुडा किंवा तेलाची पिशवी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर ते प्लास्टिक पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी आली. कंपनी ते काम स्वतः करत नाही. नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याकडून ती तसे प्रमाणपत्र घेते आणि त्याचे पैसे मोजते. यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यालाही एप्रिल २०२३ पासून अशीच पद्धत लागू झाली.

याचा अर्थ काय? धारावीत, कुर्ल्यात, मालेगावात आणि जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आपली हजारो माणसे हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली. देशाचे प्लास्टिक, पत्रा, कागद त्यांनी वेचला, निवडला, पुन्हा वापरात आणला. आता त्या कामाला कागदोपत्री किंमत आली आहे. पण ती किंमत ज्याच्याकडे नोंदणी आणि नीट ठेवलेली वही आहे त्याच्याकडे जाईल. ज्याच्याकडे फक्त हात आणि अनुभव आहे, तो सगळ्यांत खालच्या पायरीवर माल विकत राहील. हे आज ओळखले नाही, तर उद्या आपला धंदा आपल्याच डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या नावावर होईल.

दुकानात एक संध्याकाळ

हे सगळे सांगायला आम्ही त्यांच्या दुकानी गेलो. मुलगीही आली होती. वडील आम्हाला त्यांचे कसब दाखवत होते. प्लास्टिकचा तुकडा बोटात वाकवायचा, जमिनीवर टाकून आवाज ऐकायचा, कडेला जरा आच देऊन वास घ्यायचा आणि जात सांगायची. एकदाही चुकले नाहीत. आम्ही म्हणालो, "भाई, हे ज्ञान कुठल्याही एमबीएच्या वर्गात असं मिळणार नाही."

मुलगी हळूच म्हणाली, "सर, मागची बाजू पण बघा."

मागच्या अंगणात जमीन काळी पडली होती. तिथे विजेच्या तारा जाळून तांबे काढत. वरचे प्लास्टिक जळते तेव्हा त्यातून फार विषारी धूर निघतो. काम करणारा पोऱ्या सतत खोकत होता. मुलीने वडिलांना विचारले, "अब्बा, जाळलेल्या तांब्याला काय भाव मिळतो आणि सोललेल्याला काय?"

सोललेल्या चकचकीत तांब्याला भाव जास्त, हे त्यांना ठाऊक होतेच. ते म्हणाले, "पण सोलायला मजुरी लागते ना."

"किती लागते?"

त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. तीस वर्षांत ते मोजलेच नव्हते. जाळण्याला काही खर्च नाही असे धरून चालले होते. पोऱ्याचा दवाखाना, शेजाऱ्यांची भांडणे, कमी मिळणारा भाव, यातले काहीच वहीत नव्हते. कारण वहीच नव्हती. काट्याजवळ एक खडू आणि भिंत होती.

वर आम्ही म्हणालो होतो, की त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे हे. कचरा त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे, पण त्याचा पूर्ण हिशेब एकाही पिढीत झाला नाही. आणि ज्या मुलीला तो हिशेब करायचा आहे, तिला बापाइतका माल ओळखता येत नाही. दोघांना एकमेकांची गरज आहे.

मापाची गोष्ट

भंगाराच्या दुकानात सर्वांत मोठी वस्तू म्हणजे काटा. कुरआनात सूरह मुतफ्फिफीन ही मापात खोट करणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने सुरू होते. घेताना पूर्ण माप घेणारे आणि देताना कमी देणारे, त्यांच्यासाठी तिथे विनाश सांगितला आहे. आपण ही सूरह ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर किराणा दुकानाचा तराजू येतो. पण नदीतून स्वच्छ पाणी पूर्ण मापाने घेऊन घाण पाणी परत देणारा कारखानाही मापात खोटच करतो. मजुराकडून पूर्ण दिवस घेऊन त्याची फुप्फुसे कमी करून परत पाठवणारा मालकही तेच करतो. पृथ्वी अल्लाहची अमानत आहे आणि माणूस तिचा राखणदार, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. अमानतीचा हिशेब द्यावा लागतो, हेही शिकवायला हवे.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये येते. हे माप आजच्या हिशेबाने साधारण पाऊण लिटरच्या आसपास भरते. एकदा आम्ही वर्गातल्या मुलांना घरी वुजू करताना नळाखाली बादली ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मुले आपापले आकडे घेऊन आली आणि स्वतःच एकमेकांकडे पाहून हसू लागली. त्या दिवशी आम्हाला इस्राफवर वेगळा धडा द्यावा लागला नाही. नळ बारीक करणे ही त्यांची स्वतःची शोधून काढलेली गोष्ट झाली.

व्यवस्थापनाच्या वर्गात जे लाखो रुपये भरून शिकवतात, त्याची सुरुवात अशी बादलीपासून आपल्या घरातही होऊ शकते. ज्यांना एमबीए परवडत नाही किंवा करायचे नाही, त्यांनीही एक महिना घरातला फेकलेला भात-पोळी वहीत लिहून पाहावी. कारखानदाराने एक महिना पाणी मोजावे. मशिदीच्या विश्वस्तांनी इफ्तारनंतर उरलेले ताट मोजावे. मोजल्याशिवाय कळत नाही आणि कळल्याशिवाय बदल होत नाही.

मग काय ठरले?

वाचकांना उत्सुकता असेल, म्हणून सांगतो. फीचा प्रश्न मोठा होता. व्याजाचे कर्ज घ्यायला वडील तयार नव्हते, आणि त्यांच्या या आग्रहाचा आम्हाला आदरच वाटतो. शेवटी असे ठरले, की मुलीने यंदा प्रवेश परीक्षेची तयारी करावी. सरकारी मदतीच्या संस्थेत आणि चांगली शिष्यवृत्ती मिळेल अशाच ठिकाणी प्रयत्न करावा. वडील वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकतील. आणि हे वर्ष तिने रोज दोन तास दुकानात बसून वही लिहावी.

मागच्या महिन्यात आम्ही तिकडून जात होतो. काट्याशेजारी टेबल आले आहे. मुलगी वही लिहीत होती. प्रत्येक माल, वजन, कुठून आला, कुठे गेला. तार सोलायचे एक छोटे हाताने फिरवायचे यंत्र आणले आहे. जाळणे पूर्ण बंद झालेले नाही, बारीक तारा अजून जाळतात, असे तिने स्वतःच सांगितले. आम्हाला तिचा हा खरेपणा आवडला.

परीक्षेचा फॉर्म तिने आम्हाला दाखवला. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आम्ही मुद्दाम पाहिला. तिथे लिहिले होते, 'भंगार खरेदी-विक्री'.

परीक्षेचा निकाल अजून यायचा आहे. वाचकांनी तिच्यासाठी दुआ करावी.